टेसलाच्या नावाचं पान

आमच्या दुकानात देवायच्या फोटोच्या खाली एका गोऱ्या माणसाचा फोटो होता. हडकुळा, मधातून भांग पाडलेला, बारीक मिशी. मोटर घेऊन येणारं गिऱ्हाईक बाकावर बसलं का त्याची नजर फोटोवर जाये, अन् मंग तोच तो प्रश्न, "हे कोण गा, बाबाराव? तुमचे जुने साहेब काय?" कळमेश्वरकडच्या एका म्हाताऱ्यानं तं चपला काढून हात जोडले होते. आमचे हे हातातली तार न सोडता सांगत, "निकोला टेसला. तुमच्या विहिरीवरची मोटर यायनंच काढली." म्हातारा म्हणाला, "असं काय? मंग बिल यायच्याच नावानं फाडा."

मी कौशल्या. इतवारीत आमचं वाइंडिंगचं दुकान होतं अन् दुकानाच्या मांगं आमच्या दोन खोल्या. जळालेली मोटर आली का हे तिच्यातली काळी पडलेली तांब्याची तार काढत, नवी तार मोजून गुंडाळत, वार्निश पाजत अन् उन्हात वाळवत. उन्हाळा म्हंजे आमची सुगी. नागपूरचं ऊन अन् घरोघरी कूलर, मोटरा पटापट जळत. पावसाळ्याच्या मांगून विहिरीवरच्या मोटरा येत. घरात भाजीच्या फोडणीचा वास कमी अन् वार्निशचा जास्त.

तो फोटो यायले मिलमधल्या एका फोरमननं देला होता, लग्नाच्या आधी. माह्या माहेरच्या बाया म्हणत, "अवं, जावई हे काय लटकवून बसले?" मी म्हणत होती, "सवत तं नाही ना आणली. फोटो आहे, लटकू द्या." पण फोटो लटकून गप्प राहीन असं नव्हतं. टेसलाचा विषय निघाला का आमचे हे, एरवी दिवसभरात चार शब्द न बोलणारे, सुरू होत. म्हणत, "पोरायच्या पुस्तकात एडिसनचा फोटो असते. बल्ब त्याचा, मान्य. पण एडिसनची वीज दोन-चार मोहल्ले ओलांडता ओलांडता दमून जाये. कोराडीवरून इतवारीपर्यंत जी येते ना, ती टेसलाच्या पद्धतीची." कोराडीचं पॉवर हाऊस तवा नुकतंच सुरू झालं होतं, म्हून यायले लय जोर आला होता. एकदा एका इंजिनिअरनं सांगितलं का इटलीतल्या कोणीतरी तशीच मोटर त्याच सुमारास बनवली होती. तं दोन दिवस यायचं तोंड असं उतरलं का मले वाटलं गावाकडून काही वाईट खबर आली.

मोटरच्या मधात जो फिरते, त्या रोटरले म्हणे बाहेरून एकही तार जोडलेली नसते. भोवतालच्या कॉइलीतली वीज फिरते अन् तिच्या ओढीनं तो फिरते. हे मले समजावून सांगताना यायच्या डोळ्यात पाणी आलं होतं. माह्या टायफाइडमध्ये नाही आलं.

आता उत्तराचं सांगतो, म्हंजे यायच्या पुतणीचं.

यायचे धाकटे भाऊ मनोहरराव कळमेश्वरजवळ गावी शेती करत. त्यायले लागोपाठ तीन पोरी अन् मंग एक पोरगं. पोरगं झालं अन् माही जाऊ, पंचफुला, बाळंतपणातच आजारी पडली. मोठ्या दोघी घरात हाताखाली येत होत्या, तिसरी, उत्तरा, चार वर्षाची. तिले आखाडात आमच्याकडे आणून सोडली. म्हणे, पंचफुला उठून बसेपर्यंत.

आमच्या लग्नाले बारा-तेरा वर्षं झालती अन् घरात लेकरू नव्हतं. डॉक्टर, देव, अंगारे, सगळं करून मी थकली होती अन् आता कोणी विचारलं तं सरळ त्याच्या अंगावर जात होती. अशा घरात ही पोरगी आली. पहिल्या दिवशी दाराच्या मांगं लपली. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तारेच्या रिकाम्या रिळावर बसली. हप्त्याभरात तिनं तारेच्या तुकड्यायच्या बांगड्या करून दोन्ही हात भरले अन् "मोठेबाबा, हे काय? मोठेबाबा, ते काय?" करून आमच्या यायचं डोकं खाऊन टाकलं. हे कॉइल गुंडाळत, अन् ही यायच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून जाये. पाय मुंग्या येऊन बधिर झाला तरी हे उठत नसत. मीच मंग तिले उचलत होती अन् यायले म्हणत होती, "पाय तुमचा आहे का भाड्यानं आणला?"

मले ती पोरगी पाह्यजे होती. आडपडदा काय ठेवायचा? सकाळी उठून तिचा आवाज ऐकला नाही तं मी हातातलं टाकून तिले पाहायले धावत होती. मी कळमेश्वरले गेली अन् पंचफुलाले विचारलं. ती बिचारी भिंतीले टेकून बसली होती, पोरगं पदराखाली. तिनं पोरगं दुसऱ्या अंगाले घेतलं. मंग म्हणाली, "बाई, तुमच्याजवळ ती सुखात राहीन, हे मले दिसते. उत्तराच्या बाबाचीही ना नाही. पण भासऱ्यायनं, तुमच्या मालकानं, सोताच्या तोंडानं मागितली पाह्यजे. उद्या कोणी म्हणू नये का पंचफुलाले पोरगी जड झाली म्हून टाकून देली." तिचं खरं होतं. मी फक्त मागून राहिली होती, तिले काळजाचा तुकडा द्याचा होता.

मी घरी येऊन यायले सांगितलं. यायनं हात धुतले, पुसले, अन् शांतपणे म्हणाले, "पोरगी माह्या जिवाची आहे वं. पण दत्तक घ्याचं तं पोरगं घ्यावं. पोरगी उद्या लग्न होऊन परक्या घरी जाईन. आपल्या मांगं आपल्याले पाणी कोण देईन? बाबाले कोण देईन? असू दे, उन्हाळ्याच्या सुट्टीत येत राहीन."

भांडता माणूस असता तं मीही भांडली असती. पण हे आवाजही चढवत नसत, अन् म्हून जास्तच राग येये. मी म्हटलं, "पाणी, पाणी! मेल्यावरच्या पाण्याची चिंता. जित्तेपणी घसा सुकला त्याचं काय?" हे म्हणाले, "तुले समजत नाही." मी तिथंच भांडे आपटले अन् त्या दिवशी वरणात मीठ टाकलं नाही. यायनं तसंच जेवलं.

पितृमोक्ष अमावस्येले मनोहरभाऊजी अन् पंचफुला दरसालसारखे आमच्याकडे जेवायले येणार होते, मोठा भाऊ म्हून पितर आमच्याच घरी राहत. पंचफुला आता बरी झाली होती. जाताना उत्तराले घेऊन जाणार, हे ठरलं. जसजशी अमावस्या जवळ येये, तसतशी मी त्या पोरीले जास्तच जवळ ओढत होती. पोरीले काय समजते? ती म्हणे, "मोठीआई, सोड ना, मोटर पाह्याची आहे."

अन् अशात, अमावस्येच्या दोन दिवस आधी, जेवता जेवता हे म्हणाले, "यंदा एक पान जास्त वाढजो."

"कोणाच्या नावाचं?"

"टेसलाच्या."

घास माह्या हातातच राहिला. मी म्हटलं, "डोकं ठिकाण्यावर आहे ना?"

"त्यानं लग्न केलं नाही. मांगं पोरगं नाही, कोणी नाही. हॉटेलच्या खोलीत एकटा मेला. आपण त्याचं खातो वं. एवढ्या वर्षात त्याले कोणी घोटभर पाणी देलं असन काय?"

"तो किरिस्ताव. त्यायच्यात पितराले जेवू घालत नाहीत."

"त्यायच्यात नाही घालत," हे म्हणाले, "पण खाणारे तं आपण आहो. आपल्यात घालतात."

माही पोरगी परवा घरातून जाऊन राहिली, अन् हा माणूस सात समुद्रापलीकडच्या मेलेल्याच्या भुकेची काळजी करत बसला. मले वाटलं, यायच्यापुढं रडूनही काय फायदा? मी उठून उडदाची डाळ निवडायले घेतली.

आता आमच्यात पितराच्या नावानं कोणालेतरी पाटावर बसवून जेवू घालावं लागते. सवाष्णीच्या नावानं सवाष्ण, अन् बिनलग्नाच्याच्या नावानं बिनलग्नाचा. सासऱ्याच्या नावावर बसायले भाऊबंदातले गणपतराव दरसाल येतच. टेसलासाठी बिनलग्नाचा माणूस कुठून आणायचा? तं बाजूलेच रुपराव होता, कूलरच्या टिनाच्या पेट्या बनवणारा, पन्नाशीचा, सडाफटिंग. हे त्याले विचारायले गेले तं तो म्हणाला, "वडे असतीन ना भाऊ? मंग टेसला काय, मी अमेरिकेचा राष्ट्रपती भी होतो."

अमावस्येले सकाळच्या बसनं भाऊजी अन् पंचफुला लहान्या पोरग्याले घेऊन आले. उत्तरा धावत गेली अन् मायच्या मांड्यायले बिलगली. ते मी पाहिलं अन् पुन्हा चुलीकडे तोंड केलं. सैपाक तं मस्त झाला होता: वडे, खीर, कढी, कोहळ्याची भाजी, गवारीच्या शेंगा. पाटं मांडले तवा भाऊजीनं विचारलं, "दादा, यंदा दोन काहून?" यायनं सांगितलं.

मनोहरभाऊजीचा चेहराच बदलला. म्हणाले, "दादा, काहून असं करून राहिला गा? बाबाच्या पानाशेजारी परक्या माणसाचं पान? ना जात, ना गोत. भाऊबंद काय म्हणतीन?" गणपतराव खाकरले, पण पाटावरून उठले नाही. वड्यायचा वास येत होता.

हे म्हणाले, "मनोहर, बाबाची कंबर कशानं गेली?"

"मोटेनं."

"जनम गेला त्यायचा बैलायच्या मांगं मोट हाकलता हाकलता. चाळीशीतच वाकले. तुह्या विहिरीवर मी मोटर बसवली, पहिलं पाणी पाटात आलं, तवा तूच मले म्हणाला होता, 'दादा, बाबा असते तं त्यायच्याच हातानं बटन दाबलं असतं.' म्हणाला होता का नाही?"

भाऊजी खाली पाहून राहिले.

"ज्यानं आपल्या घरातली मोट सोडवली, त्याले बाबाच्या बाजूले बसवतो मी. बाबाले राग नाही येणार," हे म्हणाले. रुपराव कधीचा हातपाय धुऊन उभा होता, तो पाटावर बसून गेला. यायनं त्या दोघायचे पाय धुतले, टिळा लावला. रुपरावले एवढा मान जन्मात कोणी देला नसन, तो एकदम गंभीर झाला अन् पाठ ताठ करून बसला.

अंगणात निखाऱ्यावर आगारी टाकली. तूप, खीर, वड्याचा तुकडा. पहिलं यायनं बापाचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं, गोत्र सांगितलं. मंग दुसऱ्या निखाऱ्यावर तूप सोडलं अन् जरासे थांबले. गोत्र कोणाले ठाऊक? म्हून यायनं पत्ता सांगितला, "निकोला टेसला, न्यूयॉर्क, अमेरिका." मले हासू येत होतं अन् ते दाबायले मी पदर तोंडावर घेतला. पण यायच्या चेहऱ्याकडे पाहिलं अन् हासू गेलं. जसं सोताच्या बापाले बोलावतात तसं बोलावलं होतं यायनं.

मंग पाणी. हे गडव्यातलं पाणी आंगठ्यावरून सोडत होते. उत्तरा कधी येऊन बाजूले बसली होती, कोणाले समजलंच नाही. तिनं आपला लहानसा हात यायच्या हाताखाली धरला, अन् पाणी यायच्या हातावरून तिच्या हातावर, अन् तिच्या हातावरून जमिनीवर पडलं. तिले वाटलं, खेळच आहे. यायनं हात मांगं घेतला नाही.

भाऊजीनं तिले बखोटीले धरून उचललं. "चल, हो बाजूले. पोरीनं पाणी द्याचं नसते."

पोरगी रडली नाही, नुसती पाहत राहिली, का आपलं काय चुकलं. पण मले तिथंच, चुलीच्या धुरात, असं झालं का कोणी कानफटात मारून जागं केलं. एवढे दिवस मी भांडे आपटत होती अन् उत्तर माह्याच नवऱ्याच्या हातात होतं. आता हे बोलायचं कधी? पितर जेवून राहिले होते. जेवणाऱ्यायच्या पुढं तोंड वाजवायचं नसते, म्हून मी दात दाबून वाढत राहिली. रुपरावनं वडे मागून मागून खाल्ले. मी त्याले मनातल्या मनात म्हटलं, आटप रे बाबा, टेसला एवढं खात नसन.

जेवणं झाले. दोघायनं हात धुऊन घराले आशीर्वाद देला. पंचफुलानं उत्तराचे कपडे एका चादरीत बांधले. फ्रॉक मीच शिवलेले होते, ते ती एकेक घडी करून ठेवत होती अन् माह्याकडे पाहत नव्हती. भाऊजी म्हणाले, "दादा, निघतो आता. शेवटली बस भरून जाते."

हे म्हणाले, "हौ, निघा."

तवा मी चुलीजवळून उठली अन् मधात येऊन उभी राहिली. दीर होते, भाऊबंद होते, शेजारी होता. होऊ दे म्हटलं.

"एक विचारतो," मी म्हटलं, "तो टेसला तुमचा कोण?"

हे माह्याकडे पाहायले लागले.

"तुमच्या रक्ताचा आहे? जातीचा आहे? त्यानं तुमाले पाहिलं, का तुम्ही त्याले पाहिलं? तो मेला तवा तुम्ही कुठं होते? त्याच्या मांगं पोरगं नाही, पोरगी नाही, भाऊबंद नाही. तरी आज इतवारीत त्याचे पाय धुतले का नाही? त्याले पाणी देलं का नाही?"

"देलं," हे म्हणाले.

"काहून देलं?"

"त्याचं खातो म्हून."

"मंग जी पोरगी माह्या हातचं खाईन, तुमच्या मांडीवर झोपीन, तुमचं बोट धरून शाळेत जाईन, ती आपल्याले इसरीन? ती परक्या घरी जाईन म्हणता. अमेरिकेहून तं दूर नाही ना जाणार? तुम्ही त्या गोऱ्याचे पोरगं झाले, कोणी तुमाले दत्तक घेतलं होतं काय? सांगा ना."

माहा आवाज फाटला. मले पुढं आणखी लय काही बोलायचं होतं, पण तोंडातून शब्दच निघेना, नुसते डोळे वाहत होते. गणपतराव दाराकडे पाहत होते. रुपरावनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

हे उठून दुकानात गेले. मले वाटलं, झालं, गेले. हा माणूस आता रोटर घेऊन बसीन अन् बस निघून जाईन. पण आत काही आवाज आला नाही. जरा वेळानं हे परत आले. डोळे लाल होते. मी यायले एवढ्या वर्षात असं कधी पाहिलं नव्हतं.

हे सरळ पंचफुलाच्या पुढं जाऊन उभे राहिले. आमच्यात भासरा अन् भावजई एकमेकाशी बोलत नाहीत. पंचफुला लग्न होऊन आली तवापासून हे तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते, अन् तिनं यायले तोंड दाखवलं नव्हतं. ती घाबरून उठली, पदर पार हनवटीपर्यंत ओढला. यायनं खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् दोन्ही हातात धरून तिच्यापुढं पसरला.

"पंचफुला," हे म्हणाले, "मले पाणी नको. कोणी देईन का नाही देईन, त्याचं मी पाहून घेईन. मले पोरगी पाह्यजे. तुमची उत्तरा मले द्या."

मनोहरभाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पंचफुलानं ते बोचकं उचललं, छातीशी धरलं, मंग हळूच दुपट्ट्यात ठेवलं. उत्तरा एकदा मायकडे पाहे, एकदा आमच्याकडे.

पदराआडून पंचफुलाचा आवाज आला. आमच्या यायच्याशी ती पहिल्यांदाच बोलून राहिली होती.

"तिचे केस लय गुंततात. रोज सकाळी तेल लावून, खालून विंचरत विंचरत वेणी घाला लागते. ओढलं तं रडते."

"कसं घालायचं ते मले दाखवून द्या," हे म्हणाले. "मी शिकून घेतो."

पंचफुला खाली बसली, पोरीले पुढ्यात घेतलं अन् तिची वेणी सोडली. आमचे हे तिच्या बाजूले, हातभर अंतर ठेवून बसले अन् नीट पाहायले लागले.